गार पाण्यानं कुत्रा दगावत नाही

ऊन लागलेल्या कुत्र्यावर गार पाणी ओतू नका, शॉक बसेल, असं दर उन्हाळ्यात कुणीतरी बजावतंच. जीव जातो तो उशिरामुळे. कुत्र्याचं अंग एरवीच ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ४१च्या पुढे मेंदू, मूत्रपिंडं, आतडी धोक्यात येतात. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटू लागले, की आधी सावली आणि अंगभर पाणी, वरून पंखा. नाकातोंडात मात्र नको. गच्चीवरच्या टाकीचं दुपारी चटका देणारं पाणी काय कामाचं? पिंपातलं घ्या. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. तो लगेच कोमट होतो आणि उष्णता कोंडतो. डॉक्टरांना फोन करा, पण आधी भिजवा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर सावलीतही उष्माघात होतो.