वाशिष्ठीच्या पुरात माणसाचा वाटा किती?

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी नदीकाठच्या चिपळूणच्या बाजारपेठेत दुकानांची शटरं बुडाली, महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. त्या चोवीस तासांत घाटमाथ्यावर महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हापासून कोकणात वाद चालू आहे: हे हवामान बदलामुळे झालं की आपल्या कर्मानं? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. विचारायचं ते ‘कोणामुळे’ असं नाही, ‘किती’ असं.

विज्ञान आता त्याचा हिशेब मांडू शकतं. असा पाऊस किती वर्षांतून एकदा पडतो, हे आधी जुन्या नोंदींवरून काढतात. मग संगणकावर दोन पृथ्व्या उभ्या करतात. एक आजची. दुसरीत कोळसा आणि तेल जाळून साठलेले वायू नाहीत, म्हणून ती सव्वा-दीड अंशानं थंड. दोन्हीकडे तसा पाऊस किती वेळा आणि किती जोरात पडतो, यातला फरक म्हणजे माणसाचा वाटा. आपल्याच सह्याद्रीच्या रांगेत, वायनाडमध्ये जुलै २०२४ मध्ये दरडी कोसळल्या. तिथला पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे १० टक्क्यांनी वाढला होता, असं वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाला आढळलं. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते आणि अरबी समुद्र तर तापतोच आहे.

दहाच टक्के? पण हे पाणी कधी येतं ते बघा. माती आधीच चिंब, ओढे भरलेले, जिरायला जागा नाही. पायरीशी थांबलं असतं ते पाणी अशा वेळी उंबरा ओलांडतं.

चिपळुणात त्या दिवशी गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे समुद्राला उधाण. दाभोळच्या खाडीतून भरती वर चढते तेव्हा वाशिष्ठीचं पाणी उतरायला वेळ लागतो. पात्रात वर्षानुवर्षांचा गाळ, काठावर बांधकामं, शिवाय कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणीही याच नदीत येतं. यातलं काहीच कार्बन डायऑक्साइडच्या खात्यावर टाकता येणार नाही. तापमानवाढ खरी आहे म्हणून गाळाचा जाब विचारायचा नाही, हे मला मान्य नाही. गाळ काढला म्हणून कोळशाचा हिशेब मिटला, हेही नाही.

उष्णतेच्या लाटेबाबत हा हिशेब सर्वांत भरवशाचा, पावसाबाबत त्याहून अवघड. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’सारख्या एकेका वादळाबाबत तर आणखी अवघड. आणि हापूसचं नुकसान मोजायचं तर साखळी फारच लांब: थंडी लांबली, मोहोर उशिरा आला, त्यावर अवकाळी पाऊस, मग तुडतुडे आणि फुलकिडे, वर फवारणीचा खर्च. प्रत्येक कडीला वेगळी नोंद लागते. पाऊस-तापमान सरकारी केंद्रांवर मोजलं जातं. मोहोर कोणत्या तारखेला फुटला आणि किती गळला, हे मात्र बागायतदारालाच ठाऊक असतं. रत्नागिरी-देवगडच्या बागांतल्या अशा नोंदी वर्षानुवर्षं एकत्र ठेवल्या, तरच आंब्याच्या नुकसानीतला वाटा काढता येईल.