बीडही वाकते: गोल ग्रॅफाइटची करामत

"बीडाची वस्तू, आज ना उद्या तडकणारच" हे वाक्य बेळगावातल्या कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकू येते, आणि खानापूर-निपाणीकडचे शेतकरीही ट्रॅक्टरचा सुटा भाग घेताना बीड, म्हणजे कास्ट आयर्न, म्हटले की नाक मुरडतात. हा समज जुन्या अनुभवातून आलेला असल्यामुळे त्याला सरसकट खोटे म्हणता येत नाही. मात्र बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या ओतशाळा आज ज्याला एसजी (स्फेरॉइडल ग्रॅफाइट, म्हणजे गोल ग्रॅफाइटचे) म्हणतात ते बीड ओढले असता तुटण्यापूर्वी सात टक्के, काही प्रतींत अठरा टक्क्यांपर्यंत लांबते. ज्या गावात ते रोज ओतले जाते त्याच गावात त्याची ओळख नसावी, याचे धातुशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मनापासून वाईट वाटते.

बीडात वजनाने साधारण 3 ते 4 टक्के कार्बन आणि 2 टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असते. पोलादाच्या मानाने हा कार्बन इतका जास्त आहे की रस गोठताना तो लोखंडात मावत नाही आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो. ग्रॅफाइट लोखंडापेक्षा खूपच हलके असल्याने आकारमानाच्या हिशेबात ते दहा टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे बीडाच्या प्रत्येक वस्तूचा जवळपास दहावा हिस्सा, पेन्सिलीत वापरतात त्या मऊ, बिनताकदीच्या पदार्थाचा असतो. तो किती आहे यापेक्षा तो कोणत्या आकारात बसला आहे, यावर त्या वस्तूचे भवितव्य ठरते.

आमच्या विभागात दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हा आकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा लागतो, आणि तो पाहण्याइतका तुकडा तयार करणे हेच निम्मे शिक्षण असते. तुकडा आधी जाड, मग बारीक अशा एकेका पॉलिश पेपरवर घासायचा, प्रत्येक पेपर बदलताना तो काटकोनात फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचे नाही. शेवटी फिरत्या मखमली कापडावर अल्युमिनाची बारीक पूड मिसळलेल्या पाण्याने त्याला आरशासारखी झिलई आणायची. (बॉक्साइटपासून अल्युमिना काढणारा मोठा कारखाना बेळगावातच आहे, हे विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो.) इथे घाई करून जास्त दाब दिला की ग्रॅफाइट उपटून निघते, मागे राहिलेला खड्डाही काळाच दिसतो, आणि मुलगा खड्डे मोजून अहवाल लिहून मोकळा होतो. प्रयोगशाळेतले मामा असा तुकडा खिडकीच्या उजेडात नुसता तिरपा धरून ओळखतात आणि एक शब्दही न बोलता पहिल्या पेपरवर परत पाठवतात.

साध्या बीडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली शंभरपट मोठा करून पाहिला की पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या, वाकड्यातिकड्या रेषा दिसतात. त्या प्रत्यक्षात रेषा नसतात. कोबीचा गड्डा आडवा कापल्यावर पाने जशी रेषांसारखी दिसतात, तशा त्या एका मध्यापासून पसरलेल्या ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या कडा असतात. एसजीच्या तुकड्यात मात्र रेषा नसतात, सुटे सुटे काळे गोल ठिपके असतात.

या फरकाने ताकद का बदलते, याचे गणित केंब्रिजचे चार्ल्स इंग्लिस यांनी 1913 मध्ये जहाजांचे पत्रे का फाटतात याचा विचार करताना मांडले. ताणलेल्या पत्र्यात लंबगोल भोक असेल, तर त्याच्या टोकाशी ताण किती पटींनी वाढतो ते काढण्यासाठी ताणाला आडव्या असलेल्या लांबीला रुंदीने भागायचे, त्याची दुप्पट करायची आणि एक मिळवायचा. गोल भोकाला लांबी-रुंदी सारखीच, म्हणून ताण तिप्पट. लांबी रुंदीच्या दहापट असेल तर एकवीसपट. ग्रॅफाइटला स्वतःची ताकद जवळपास नसल्यामुळे ते भोकासारखेच वागते. म्हणून पापुद्र्याच्या धारदार कडेशी चीर सुरू होते आणि एका पापुद्र्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत बीड आरपार फाटते. घन गोळ्याभोवती ताण सुमारे दुपटीवरच थांबतो, त्यामुळे मधल्या लोखंडाला आपल्या स्वभावानुसार ताणले जायला वाव मिळतो.

मग हा गोळा होतो कसा? मला सर्वांत जास्त मोह घालणारा प्रश्न हाच आहे. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या थरांत मांडलेले असतात. एका थरातले शेजारी अणू 0.142 नॅनोमीटरवर घट्ट बांधलेले असतात, तर दोन थरांमधले अंतर 0.335 नॅनोमीटर असते आणि तिथला बंध अगदी सैल असतो. वितळलेल्या बीडात थोडे गंधक आणि ऑक्सिजन असतातच. त्यांचे अणू थरांच्या कडांना जाऊन चिकटतात, कडेच्या दिशेने होणारी वाढ सोपी होते आणि ग्रॅफाइट लांबी-रुंदीत पसरत पापुद्रा बनते. रसात मॅग्नेशियम घातले की ते या दोघांनाही पकडून त्यांचे सल्फाइड आणि ऑक्साइड बनवते. कडा मोकळ्या होतात, नवे थर सपाट बाजूंवर एकावर एक चढू लागतात, आणि एकाच केंद्रातून सर्व दिशांना वाढणारे शंकूच्या आकाराचे विभाग मिळून गोळा तयार होतो. त्या केंद्रात बहुधा मॅग्नेशियमने पकडलेल्या गंधक-ऑक्सिजनचाच सूक्ष्म कण असतो. गोळा वळण्याच्या बारीक तपशिलांवर संशोधकांत अजूनही मतभेद आहेत.

1943 मध्ये युद्धकाळात क्रोमियमची टंचाई असताना, इंटरनॅशनल निकेल कंपनीतले कीथ मिलिस क्रोमियमला पर्याय म्हणून निरनिराळे धातू बीडात घालून पाहत होते. त्यात मॅग्नेशियमने हा अनपेक्षित गोल आकार दिला. त्याचे पेटंट 1949 मध्ये मिळाले. दरम्यान ब्रिटनमध्ये हेन्टन मॉरो यांनी सेरियम वापरून हेच साधले होते.

ओतशाळेत हे करणे कागदावर वाटते तितके सोपे नाही. मॅग्नेशियम सुमारे 1,090 अंश सेल्सिअसला उकळते आणि रस 1,450 ते 1,500 अंशांना असतो. म्हणून ते लोह-सिलिकॉनबरोबरच्या मिश्रधातूच्या रूपात लॅडलच्या, म्हणजे रस घेण्याच्या भांड्याच्या, तळाशी ठेवून, वर पोलादाचे तुकडे झाकून मग रस ओततात, तरी डोळे दिपवणारा पांढरा उजेड आणि धूर उठतोच. शेवटी रसात 0.03 ते 0.05 टक्के मॅग्नेशियम उरले पाहिजे. 500 किलोच्या लॅडलमध्ये ते जेमतेम 200 ग्रॅम होते. कमी पडले तर पापुद्रे परततात, जास्त झाले तर कठीण कार्बाइड आणि पोकळ्या होतात. शिवाय ते सतत उडून जात असल्याने साधारण दहा-बारा मिनिटांत सगळे साचे भरून व्हावे लागतात. म्हणूनच जाणकार तपासनीस शेवटच्या साच्यातलाच तुकडा तपासायला पाठवतो.

या विषयाने महाविद्यालय आणि कारखाना यांना जोडून ठेवले आहे. उद्यमबागेजवळच्या अनगोळ-मजगावातली काही मुले ओतशाळेत काम करणाऱ्यांच्या घरातून येतात. कास्टिंगला हातोडी मारून आवाजावरून प्रत ओळखणे त्यांनी लहानपणीच पाहिलेले असते: एसजी खणखणते, साधे बीड दबका आवाज देते. हाच गुण साध्या बीडाची किंमत टिकवून आहे. त्यातले पापुद्रे कंपने गिळून टाकतात, म्हणून लेथचा बेड आजही त्याचाच करतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पगटात चंदगडचा मराठी मुलगा आणि बैलहोंगलची कन्नड मुलगी एकाच सूक्ष्मदर्शकाशी पाळी लावून गोळे मोजतात. वाद भाषेचा नसतो. अर्धवट वळलेला ठिपका गोळ्यांत धरायचा की नाही, एवढाच असतो.

खंडेनवमीला आमच्या कार्यशाळेत यंत्रांची पूजा होते आणि सगळे मिळून फराळ करतात. अवजारांबद्दलच्या त्या कृतज्ञतेत मला काहीच वावगे दिसत नाही. पण हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला रसाचा घाणा, बिघडली की नजर लागली म्हणून लिंबू-मिरची टांगणे, किंवा शनीची पीडा टळावी म्हणून काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी घालणे, याला विरोध केलाच पाहिजे. नाल कोणत्याही रंगाच्या घोड्याची असो, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात कार्बनचे प्रमाण आणि थंड होण्याचा वेग यांचीच खूण सापडते. बिघडलेल्या हीटचे कारणही बहुतेक वेळा वजनकाट्यावर किंवा घड्याळात सापडते.

सध्या आमच्याकडे एसजीवर पुढची उष्णताप्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पांना मागणी आहे. तुकडा 900 अंशांच्या आसपास तापवून 250 ते 400 अंशांच्या वितळलेल्या क्षारात ठरावीक काळ ठेवला की गोळे तसेच राहतात, पण भोवतालच्या लोखंडाची रचना बदलते. साध्या बीडाची ताकद दर चौरस मिलिमीटरला 150 ते 350 न्यूटन असते, ती इथे 800 पासून पुढे जाते आणि थोडी लवचीकताही टिकते. ट्रॅक्टरच्या ज्या भागांसाठी पूर्वी घडीव पोलादच लागायचे, त्यांतले काही या बीडाचे करता येतात.