मागची चाकं सुटली की पाय काढायचा?

वळणावर गाडीचं बूड बाहेर जायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटरवरून झटकन पाय काढा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो मुळात उलट्या दुखण्याचा आहे: पुढची चाकं घसरून गाडी वळेनाशी होते तेव्हाचा. तिथे पाय सैल केला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरांना पकड मिळते.

बूड बाहेर जातं तेव्हा, म्हणजे ओव्हरस्टिअरमध्ये, घसरतात मागची चाकं. पाय झटकन काढला तर त्यांच्यावरचं उरलंसुरलं वजनही पुढे जातं आणि गाडी गर्रकन फिरते. जुन्या पोर्शे ९११ची याबाबत ख्याती होती, कारण इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. १९६९च्या मॉडेलपासून कंपनीने मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली, त्यामागे हेच कारण.

मग करायचं काय? गाडीचं बूड ज्या बाजूला चाललंय तिकडेच स्टिअरिंग, नजर रस्त्यावर, ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही! जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिल्याने चाकं सुटली असतील तर तो कमी करायचाच, पण हळूहळू. गाडी सावरली की स्टिअरिंग लगेच सरळ. नाहीतर ती दुसऱ्या बाजूला झोकांडी खाते.

घरी गाडी चमकवणाऱ्यांनो, टायर पॉलिश फक्त टायरच्या बाजूच्या भिंतीला लावा. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर ते चोपडलं की पकड जाते. तिथे चमक बघायला येतंय कोण?