सर्व्हर ओसरीवरच बरा

गेल्या खंडेनवमीला एका ओळखीच्यांच्या ऑफिसात गेलो, तर सर्व्हरला झेंडूचा हार आणि फायरवॉलच्या डब्याला लिंबू-मिरची. हाराला माझी हरकत नाही. पण जगाला वेबसाइट दाखवणारा सर्व्हर आणि हिशेबाचा कॉम्प्युटर एकाच स्विचला (नेटवर्कच्या तारा जोडायच्या डब्याला) जोडलेले! "फायरवॉल आहे ना," मालक म्हणाले, "एआयवाली."

फायरवॉल ही नावापुरतीच भिंत. खरं तर तो वही घेऊन बसलेला वॉचमन आहे. आतल्या 192.168.1.20 या कॉम्प्युटरने बाहेरच्या साइटच्या 443 क्रमांकाच्या पोर्टकडे (म्हणजे वेबसाइटच्या दाराकडे) पहिलं पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं (सिन) धाडलं, की वहीत नोंद होते: कोण, कुठल्या पोर्टवरून, कोणाकडे. उत्तर (सिन-ॲक) आलं की वॉचमन वही बघतो, नोंद जुळली तर आत सोडतो. न बोलावता आलेलं सिन दारातूनच परत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वहीत जुळलेल्या टीसीपी (अशी सिनने सुरू होणारी) जोडणीची नोंद, काही हालचाल नसली तरी, मूळ सेटिंगनुसार 4,32,000 सेकंद राहते. म्हणजे 5 दिवस! यूडीपी या पॅकेटं धाडायच्या दुसऱ्या पद्धतीला सिन-बिन काही नसतं, तरी त्याचीही नोंद होते, एकतर्फी असेल तर 30 सेकंदांपुरती.

गोची अशी, की वेबसाइटचे पाहुणे सगळे न बोलावताच येतात. म्हणून 443 उघडावाच लागतो. साइटच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक असेल, तर चोरही त्याच दाराने रीतसर येतो. तेव्हा सर्व्हर कधीतरी फुटणार हे धरूनच चालायचं.

वाड्यात परका माणूस ओसरीवर बसायचा, माजघरात नाही. नेटवर्कमधल्या ओसरीला डीएमझेड म्हणतात. हे नाव निर्लष्करी पट्ट्यावरून (डीमिलिटराइज्ड झोन) आलंय, जसा 1953च्या युद्धबंदीनंतर दोन कोरियांमध्ये राखलाय. फायरवॉलच्या डब्याला तार जोडायची जी तिसरी खाच असते, तिच्यावर वेगळं नेटवर्क करायचं. माजघरातून ओसरीवर जायला मोकळीक. ओसरीवरून माजघरात नवं सिन बंद. उत्तरं मात्र वहीमुळे आपोआप येतात. दोन यंत्रं तीच, तार तीच. आधी कोण बोललं एवढ्यावर सगळं ठरतं. मला या युक्तीचं अजून कौतुक वाटतं. ओसरीवरून बाहेर जाणाऱ्या जोडण्याही आवळाव्यात, कारण घुसलेला चोर आपली हत्यारं बहुधा इंटरनेटवरूनच मागवतो.

घरच्या बऱ्याच राउटरमध्ये 'डीएमझेड' नावाचं बटण असतं, त्याला भुलू नका. ते बाहेरून येणारं सगळं एका कॉम्प्युटरकडे वळवतं, आणि तो कॉम्प्युटर माजघरातच असतो.

त्या ऑफिसातल्या फायरवॉलची तिसरी खाच रिकामीच होती. तार हलवली, नियम लिहिले. हिशेबाच्या कॉम्प्युटरवरून साइट उघडली. सर्व्हरवरून हिशेबाच्या कॉम्प्युटरला पिंग केलं ("आहेस का?" अशी हाक मारली), तर काहीच उत्तर नाही.