वांद्र्याच्या समुद्रापासून ग्रँड रॅपिड्सपर्यंत

१ जानेवारी १९७८ची रात्र. ‘सम्राट अशोक’ हे एअर इंडियाचं पहिलं जम्बो सांताक्रूझहून दुबईला निघालं. समुद्रावर येताच वैमानिकाने विमान उजवीकडे वळवलं आणि मग सरळ केलं. पण त्याच्यासमोरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, विमान अजून उजवीकडेच कललेलं दाखवत राहिलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश. खिडकीबाहेर पाहून खात्री करावी असं काही नव्हतं. मग विमान ‘सरळ’ करण्यासाठी त्याने ते डावीकडे झुकवलं आणि झुकवतच नेलं. उड्डाणापासून दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर पाण्यात कोसळलं. २१३ जण गेले.

चौकशीतून उभं राहिलेलं चित्र हे असं आहे. त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे त्या कॉकपिटमध्ये क्षितिज दाखवणारं उपकरण एकच नव्हतं. एक वैमानिकासमोर होतं, एक सहवैमानिकासमोर आणि एक राखीव. फ्लाइट इंजिनिअर दुसऱ्या उपकरणाकडे लक्ष वेधू पाहत होता, हे ध्वनिमुद्रणात ऐकू येतं. खरं सांगणारं उपकरण समोर होतं, पण त्यावर विश्वास ठेवायला लागणारे काही सेकंद हातात नव्हते.

पुढे अमेरिकेत खटला झाला. त्यात विमान बनवणाऱ्या बोइंगबरोबर दोन कंपन्या प्रतिवादी होत्या: वैमानिकासमोरचं ते उपकरण बनवणारी लिअर सीगलर आणि पर्यायी यंत्रणा बनवणारी कॉलिन्स रेडिओ. १९८५ मध्ये संघीय न्यायालयाने निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटलं.

यातली लिअर सीगलर आज त्या नावाने सापडत नाही. पण मुंबईहून सुटणाऱ्या प्रत्येक बोइंग ७३७ मध्ये तिचा वारसा बसवलेला आहे. आपण जात असलेल्या विमानाचा मार्ग, वेग आणि उतरायला सुरुवात करण्याची जागा ठरवणारा संगणक त्याच घराण्यातला आहे.

या घराण्याचा मूळपुरुष बिल लिअर. शाळा अर्धवट सोडलेला माणूस. त्याने मोटारीतल्या रेडिओवर काम केलं आणि मग विमानांच्या उपकरणांकडे वळला. जेट विमानांसाठी बनवलेल्या ऑटोपायलटबद्दल त्याला १९४९ ची कॉलियर ट्रॉफी, हा अमेरिकेतला विमानविद्येचा मोठा सन्मान, मिळाला. मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या गावात त्याच्या कंपनीचं उपकरणांचं काम रुजलं. लाकडी फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात जायरोस्कोप, म्हणजे दिशा आणि कल सांगणारी फिरती चाकं, फिरू लागले. १९६२ मध्ये कंपनी सीगलर या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि लिअर स्वतः छोटी जेट विमानं बनवायला बाहेर पडला. लिअरजेट हे नाव त्याचंच.

विमानात मार्ग आखणारा संगणक आला त्यामागचं एक मोठं कारण तेल होतं, हे सहसा सांगितलं जात नाही. १९७३ आणि १९७९ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि विमान कंपन्यांचं इंधनाचं बिल हाताबाहेर गेलं. बोइंग आणि लिअर सीगलरने मिळून ७३७-२०० साठी एक छोटा सल्लागार संगणक बनवला. या वजनाला, या उंचीवर, या तापमानात कोणता वेग ठेवला तर इंधन वाचेल, एवढंच तो सांगे. नवी ७३७-३०० १९८४ मध्ये सेवेत आली तेव्हा त्या सल्लागाराचा पूर्ण ‘फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटर’ झाला होता.

हा संगणक काय करतो? त्याच्या पोटात हवाई मार्ग, रेडिओ केंद्रं आणि धावपट्ट्या यांची माहिती असते. ती जगभर दर २८ दिवसांनी बदलली जाते. वैमानिक दोन सीट्सच्या मधल्या छोट्या पडद्यावर आणि बटणांवर मार्ग, वजन आणि ‘कॉस्ट इंडेक्स’ भरतात. कॉस्ट इंडेक्स हा एकच आकडा, पण विमान कंपनीचा सगळा हिशेब त्यात असतो: उड्डाणाचा एक मिनिट महाग की एक किलो इंधन? शून्य भरलं की संगणक इंधन वाचवत शांतपणे नेतो. आकडा वाढवला की तो वेळेच्या मागे लागतो.

मला त्याचं सर्वांत देखणं काम वाटतं ते उतरण्याचं. ३५ हजार फुटांवरून, इंजिनांवर जोर न देता, धावपट्टीजवळ बरोबर हव्या त्या उंचीवर पोहोचायचं तर उतरायला सुरुवात कुठे करायची? वारा, वजन आणि वेगाची बंधनं जमेस धरून तो एक बिंदू काढतो. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि पायथ्याच्या वळणापाशी गाडीने अचूक वेग धरलेला असावा, तसं हे.

१९८७ मध्ये लिअर सीगलरचा हा विमान-उपकरणांचा व्यवसाय स्मिथ्स इंडस्ट्रीजने विकत घेतला. स्मिथ्स म्हणजे १८५१ साली सॅम्युएल स्मिथने लंडनमध्ये काढलेलं घड्याळांचं दुकान. घड्याळानंतर मोटारींचे वेगमापक आले. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींच्या तबकड्यांवर हे नाव आजही वाचता येतं. १९५३ मध्ये एडमंड हिलरींबरोबर स्मिथ्सचं मनगटी घड्याळ एव्हरेस्टवर गेलं होतं.

विमानांच्या इतिहासात मात्र स्मिथ्सचं मोठं काम वेगळंच आहे. लंडनच्या धुक्यात विमानं दिवसेंदिवस अडकून पडत, म्हणून त्यांनी ट्रायडंट विमानासाठी आपोआप उतरवणारी यंत्रणा बनवली. १० जून १९६५ रोजी पॅरिसहून आलेलं प्रवासी विमान या यंत्रणेने हीथ्रोच्या धावपट्टीवर टेकवलं. तिचा गाभा साधा होता. एकाच वेळी तीन स्वतंत्र यंत्रणा काम करत. एकीचं म्हणणं इतर दोघींशी जुळेनासं झालं की तिला बाजूला काढलं जाई. दोन साक्षीदारांत भांडण झालं तर खोटं कोण बोलतंय ते कळत नाही, तिसरा हवाच. ‘सम्राट अशोक’मध्येही तीन क्षितिजं होती, पण त्यांच्या साक्षी ताडून निकाल देण्याचं काम अंधारात, काही सेकंदांत, माणसांवर येऊन पडलं.

ग्रँड रॅपिड्सच्या संगणकातही साक्षींचा हाच हिशेब चालतो. विमान कुठे आहे, हे तो एकाला विचारून ठरवत नाही. विमानातली जडत्वावर चालणारी यंत्रणा विमानाच्या स्वतःच्या हालचाली मोजून जागा काढते, बाहेरच्या कशावरही अवलंबून नसते, पण तासागणिक थोडी थोडी सरकत जाते. जमिनीवरची रेडिओ केंद्रं अंतर सांगतात. उपग्रह अचूक सांगतात. या सगळ्यांना वजन देऊन संगणक एक जागा ठरवतो आणि ती किती चुकीची असू शकेल, तेही दाखवतो. हा दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. त्याच्याच भरवशावर १९९६ मध्ये अलास्का एअरलाइन्सची ७३७ विमानं अलास्कातल्या जूनो शहराच्या अरुंद, डोंगरांनी वेढलेल्या खाडीतून वळणं घेत ढगांमधून उतरू लागली.

त्याआधी, मे १९९३ मध्ये, जेट एअरवेजने मुंबईतून भाड्याच्या ७३७-३०० विमानांनी सुरुवात केली आणि हे यंत्र इथल्या खासगी विमानसेवेत आलं. २००७ मध्ये स्मिथ्सने आपला विमान-व्यवसाय ४.८ अब्ज डॉलरला जनरल इलेक्ट्रिकला विकला. आता पाटीवर जीई एरोस्पेस आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद फेरीने सुरू झालेल्या अकासा या विमान कंपनीच्या ७३७ मॅक्समध्येही मार्ग आखणारा संगणक याच घरचा. समोरचे मोठे पडदे मात्र कॉलिन्सचे, म्हणजे १९८५ च्या त्या खटल्यातल्या दुसऱ्या प्रतिवादीच्या वारसाचे.

सप्टेंबर २०२३ पासून इराक आणि इराणच्या आकाशात विमानांना खोटे जीपीएस संदेश मिळू लागले. पडद्यावरचं विमान प्रत्यक्षाहून कित्येक मैल दूर उडी मारे. काही विमानांत तर या खोट्या संदेशाने जडत्व-यंत्रणेलाही बिघडवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांसाठी परिपत्रक काढलं. ७३७ च्या त्या छोट्या पडद्यावर एक पान आहे, जिथे उपग्रहाची साक्ष घेणं बंद करता येतं. पश्चिमेकडे निघालेल्या वैमानिकांना ते कुठे आहे, हे आता पाठ असावं लागतं.