ऐतिहासिक अपराधांचा दोषनिर्णय (नागपूर)

ऐतिहासिक अपराधांचा दोषनिर्णय : गतकाळातील खून, फितुरी वा कत्तल यांचे खापर कोणाच्या माथी फोडायचे, हे उपलब्ध पुराव्याबरोबरच मत देणाऱ्याचे घराणे, जात, धर्म, पेशा आणि शिक्षण यांवरून ठरते, असे इतिहासशास्त्र व सामाजिक मानसशास्त्र या दोन्ही शाखांत सामान्यतः मानले जाते. नागपूरकर भोसल्यांच्या अखेरच्या पर्वातील परसोजीचा मृत्यू आणि बाकाबाईची ‘फितुरी’ ही या प्रवृत्तीची अभ्यासण्याजोगी उदाहरणे होत.

प्रिन्स्टन व डार्टमथ या अमेरिकी विद्यापीठांत १९५१ साली झालेल्या एका धसमुसळ्या फुटबॉल सामन्याचे चित्रण ॲल्बर्ट हॅस्टॉर्फ व हॅडली कँट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखविले. डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले (१९५४). बारूक फिशहॉफ यांच्या १९७५ च्या प्रयोगात १८१४ चे इंग्रज-गुरखा युद्ध वापरले होते. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच शेवट आधीपासून संभाव्य वाटू लागला. वासाहतिक अपराधांबाबत हॉलंडमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की माहिती संदिग्ध असेल तर राष्ट्राशी घट्ट नाते मानणाऱ्यांना पूर्वजांच्या कृत्यांबद्दल कमी अपराधी वाटते. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी दोषाचे कायदेशीर, राजकीय, नैतिक व अतिभौतिक (तत्त्वमीमांसात्मक) असे चार प्रकार पाडले (१९४६). पत्नी ज्यू असल्यामुळे त्यांचे स्वतःचे अध्यासन नाझी राजवटीत गेले होते, ही गोष्ट ती विभागणी वाचताना विसरू नये.

परसोजीचा मृत्यू : दुसरा रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी वारला. त्याचा मुलगा परसोजी अंध आणि शरीराने व बुद्धीने दुर्बल होता. रघूजीची विधवा बाकाबाई व धर्माजी भोसले यांनी वाड्याची सूत्रे हाती घेतली. मात्र रघूजीचा पुतण्या मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब याने त्यांच्यावर मात करून कारभार मिळविला व मे १८१६ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी बिछान्यात मृत आढळला. अप्पासाहेब तेव्हा चांद्याकडे (आताचे चंद्रपूर) होता. परसोजीची पत्नी काशीबाई सती गेली.

वादाचे मूळ यापुढच्या कालक्रमात आहे. घातपाताची कुजबूज कंपनीचा दरबारातील प्रतिनिधी (रेसिडेंट) रिचर्ड जेंकिन्स याच्यापर्यंत लवकरच पोहोचली असावी, परंतु कंपनीने अप्पासाहेबाच्या वारशाला हरकत घेतली नाही आणि एप्रिलमध्ये तो गादीवर बसला. २६-२७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर त्याच्या फौजेची रेसिडेंटच्या पलटणींशी लढाई झाली. डिसेंबरात नागपूर पडले आणि १५ मार्च १८१८ रोजी अप्पासाहेबाला अटक झाली. खुनाचा आरोप ठामपणे पुढे आला तो या सुमारास. फेब्रुवारीत जो मृत्यू राजकीय व्यवहाराच्या आड आला नाही, तोच युद्धानंतर पदच्युतीचे एक कारण ठरला. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात खुनाचे मत स्वीकारले. तेथून ते जिल्हा गॅझेटियरांत उतरले, आणि १९११ च्या ब्रिटानिका विश्वकोशात तर शंकेचा शब्दही न जोडता नोंदले गेले. कंपनीच्या नोकरीतील लेखकाला रेसिडेंटचा कागद हाच पुरावा वाटणे स्वाभाविक होते.

१३ मे १८१८ रोजी अलाहाबादकडे नेले जात असता अप्पासाहेब निसटला, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने लढत राहिला आणि अखेर १८४० मध्ये जोधपुरात वारला. राष्ट्रीय चळवळीच्या काळात वाढलेल्या लेखकांना तो प्रथम सीताबर्डीचा लढवय्या दिसतो. मग खुनाचा आरोप ही बदनामीची मोहीम ठरते, किंवा एका वाक्यात उरकली जाते. इंग्रजांशी लढण्याने खून न केल्याचे सिद्ध होत नाही, हे त्यांपैकी फार थोड्यांनी म्हटले आहे. मृत्यू घातपाती असावा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. आज्ञा अप्पासाहेबाचीच होती, या निष्कर्षाचा आधार मात्र विजेत्याने विजयानंतर पुढे आणलेल्या माहितीवर आहे. त्यामुळे तो संभाव्य म्हणावा, सिद्ध म्हणू नये. काशीबाईच्या मृत्यूचा दोष कोणाचा, हा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंनी अपराधाच्या सदरात घेतलेला नाही.

बाकाबाई व काळी मारबत : तिसरा रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारल्यावर १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. १८५७ मध्ये बाकाबाईने इंग्रजांची बाजू धरली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी भागातून मिरवणुकीने निघणारा पुतळा, म्हणजे काळी मारबत, ही बाकाबाईचेच रूप, असे शहरात सांगितले जाते. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा करीत पुतळा मिरवतात व शहराबाहेर जाळतात. प्रथेचा आरंभ बहुधा १८८१ चा सांगतात. जागनाथ बुधवारीतील तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासूनची मानली जाते, पण या सनांबाबत मतभेद आहेत. दुसऱ्या परंपरेनुसार काळी मारबत म्हणजे कृष्णाने मारलेली पूतना होय. बाकाबाई १८५८ मध्ये वारली, म्हणजे रूढ सन खरा धरल्यास दोन दशकांहून अधिक अंतर पडते. पूतनेची वा रोगराई घालविण्याची प्रथा जुनी असून बाकाबाईचे नाव तिला मागाहून चिकटले असावे, हे मत त्यामुळे विचारात घेण्यासारखे आहे. राज्य व खजिना गमावलेल्या घराण्यातील वृद्ध विधवेपुढे १८५७ मध्ये कोणते पर्याय होते, हा प्रश्न मिरवणुकीत उद्भवत नाही. दफ्तरावर काम करणाऱ्याला तो टाळता येत नाही.

इतर उदाहरणे : दुसऱ्या रघूजीचा पिता मुधोजी (अप्पासाहेबाहून वेगळा) याने आपला भाऊ साबाजी याला जानेवारी १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत ठार केले. मारणारा कोण याविषयी वाद नसल्याने, आणि पुढचे राजे मुधोजीच्याच वंशातले असल्याने, या बंधुवधाची अपराध म्हणून चर्चा फारशी होत नाही. १८५७ मध्ये फाशी गेलेले नवाब कादर अली व त्यांचे सहकारी सरकारी कागदांत बंडखोर आहेत. सीताबर्डीच्या किल्ल्यात त्यांचे स्मारक असून तेथे त्यांना हुतात्मे मानतात.