काचेवरची हिरवी टिकली आणि नव्वद दिवसांचा हिशेब

युरोपातल्या एखाद्या देशात जायचं ठरवलं की प्रवासाआधी आकडे भेटतात. नव्वद दिवस, तीन महिने, दहा वर्षं, तीस हजार युरो. अर्जावर ते असे छापलेले असतात की जणू पूर्वापार चालत आलेत. पण त्यामागे युद्ध आहे, ट्रकचालकांनी अडवलेले रस्ते आहेत, कोर्टाचा एक निकालही आहे. हे माहीत असलं की नियम पाठ करावे लागत नाहीत, ते समजतात. म्हणून शेंगेनचा, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी उठवलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा, हा मागचा इतिहास.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम युरोपात पासपोर्टची सक्ती जवळपास उठली होती. उत्तर जर्मन महासंघाने १८६७ मध्ये कायदा करून पासपोर्ट आणि व्हिसाची अट काढून टाकली. रशिया आणि ऑटोमन साम्राज्याने मात्र कागद मागणं सोडलं नाही. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि हेरांच्या धास्तीने सगळ्यांनीच सीमेवर कागद तपासायला सुरुवात केली. युद्धापुरती म्हणून आणलेली ही सोय नंतर कुणीच मागे घेतली नाही. १९२०च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसमध्ये परिषद भरवली, तेव्हा युद्धाआधीचे मोकळे दिवस परत यावेत अशी इच्छा बोलून दाखवली गेली. हाती आला तो पासपोर्टचा ठरावीक नमुना: ३२ पानांची पुस्तिका, १५.५ बाय १०.५ सेंटिमीटर, किमान दोन भाषांत आणि त्यातली एक फ्रेंच. आज खिशात असतो तो पासपोर्ट याच नमुन्याचा वंशज.

दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सैल करायला सुरुवात केली ती छोट्या देशांनी. नॉर्डिक देशांनी १९५२ पासून आपापल्या नागरिकांना आपसात पासपोर्टशिवाय फिरू दिलं. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गने १९६० मध्ये तिघांमधली तपासणी उचलून बाहेरच्या कडेवर नेली. पुढे जे काही झालं त्याची मूळ कल्पना हीच.

बाकीच्यांना हलवलं ते ट्रकचालकांनी. १९८४च्या फेब्रुवारीत इटली आणि फ्रान्सच्या सीमेवर कस्टमच्या कर्मचाऱ्यांनी काम रेंगाळत ठेवलं. आल्प्समध्ये, कडाक्याच्या थंडीत, मालाने भरलेले ट्रक दिवसचे दिवस खोळंबले. वैतागलेल्या चालकांनी रस्ते अडवले आणि फ्रान्सची वाहतूक ठप्प झाली. त्याच वर्षी १३ जुलैला फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने सारब्रुकेनमध्ये आपसातली तपासणी हळूहळू संपवण्याचा करार केला. बेनेलक्सचे, म्हणजे बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग हे, तीन देशही त्यात आले आणि १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी मोझेल नदीवर, 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' या जहाजावर सह्या केल्या. जागा फार विचारपूर्वक निवडलेली होती. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या द्राक्षमळ्यांच्या गावापाशी फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग एकमेकांना भिडतात, आणि तिथल्या मोझेलच्या पात्रावर जर्मनी आणि लक्झेंबर्गची सामाईक मालकी आहे.

त्या कराराचं तिसरं कलम मला फार आवडतं. त्यात लिहिलंय की युरोपीय समुदायाच्या सदस्य देशांच्या नागरिकांना गाडीच्या पुढच्या काचेवर किमान आठ सेंटिमीटर व्यासाची हिरवी चकती लावता येईल. ती टिकली म्हणजे चालकाचा शब्द: आमचे कागद ठीक आहेत, सामान मर्यादेत आहे, चलनाचे नियमही पाळलेत. गाडीने वेग कमी करायचा, पोलिसाने नुसती नजर टाकायची, थांबवायचं नाही. युरोपच्या खुल्या सीमांची सुरुवात अशी काचेवरच्या टिकलीवर आणि दिलेल्या शब्दावर झाली.

तपासणी पूर्ण उठवायची तर आणखी बरंच ठरवावं लागणार होतं. त्यासाठीच्या दुसऱ्या करारावर १९८९च्या डिसेंबरात सह्या होणार होत्या, पण बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व जर्मनीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. सह्या १९ जून १९९० ला झाल्या. सामाईक पोलिसी नोंदींची संगणक यंत्रणा उभी राहायला आणखी वेळ गेला. अखेर २६ मार्च १९९५ ला सात देशांमधल्या सीमा खऱ्या अर्थाने उघडल्या. १९९९ मध्ये हा सगळा कारभार युरोपीय संघाच्या कायद्यात आला. २००७च्या डिसेंबरात पूर्वेकडचे देश आणि माल्टा मिळून नऊ जण एकदम आत आले, २००८ मध्ये स्वित्झर्लंड, २०२३ मध्ये क्रोएशिया. बल्गेरिया आणि रोमानियाच्या जमिनीवरच्या सीमा १ जानेवारी २०२५ ला खुल्या झाल्या आणि देशांची संख्या २९ झाली.

आता नव्वद दिवसांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथे. आतल्या सीमा गेल्या म्हटल्यावर पाहुणा कोणत्या देशात किती दिवस राहिला हे मोजणं शक्यच नव्हतं, म्हणून सगळ्या क्षेत्राचा मिळून एकच हिशेब धरला. जुना नियम होता: पहिल्या प्रवेशापासून सहा महिन्यांत तीन महिने. त्यात फट होती. एक दिवस येऊन परत जायचं, उरलेले दिवस सहामाहीच्या शेवटी वापरायचे आणि लगेच नव्या सहामाहीचे तीन महिने सुरू करायचे. २००६ मध्ये युरोपीय न्यायालयाने हे नियमाला धरूनच आहे असं सांगितलं. मग १८ ऑक्टोबर २०१३ पासून नियम बदलला: मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस बघायचे, त्यात ९० पेक्षा जास्त भरता कामा नयेत.

उदाहरण घ्या. कुणी १ मार्चला आलं आणि २९ एप्रिलला गेलं, म्हणजे ६० दिवस झाले, कारण येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरतात. तो माणूस १ जुलैला परत आला तर हातात ३० दिवसच उरतात, ३० जुलैपर्यंत. मार्चचे दिवस २८ ऑगस्टपासून एकेक करून मोकळे होतात. सहा महिने झाले की पाटी कोरी होते, हा समज चुकीचा आहे. कागदावर तारखा मांडूनच तिकीट काढावं.

तीस हजार युरोंच्या वैद्यकीय विम्याची अट २००४ पासूनची. दहा वर्षांची अट अशी की प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला असावा आणि परतीनंतर तीन महिने तरी चालणारा असावा. ही अट ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश प्रवाशांना चांगलीच बाधली. तिथे २०१८ पर्यंत जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात मिळवून देत, त्यामुळे मुदत शिल्लक असलेले पासपोर्टही दहा वर्षांपेक्षा जुने निघाले आणि लोक विमानतळावरून परत फिरले. व्हिसाचा अर्ज मुक्काम जिथे जास्त त्या देशाकडे करायचा, मुक्काम सारखेच असतील तर आधी जिथे उतरणार त्याच्याकडे. आयर्लंड आणि सायप्रस युरोपीय संघात आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

पासपोर्टवरचा शिक्काही आता जातोय. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या सीमांवर चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद सुरू झाली आहे. पूर्वी पुसट शिक्के वाचून अधिकारी दिवस मोजायचा, आता संगणक मोजतो, आणि तो एका दिवसाचीही चूक पकडतो. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी एटियास ही ऑनलाइन परवानगी २०२६च्या शेवटच्या तिमाहीत सुरू होईल असं युरोपीय संघाने जाहीर केलंय, शुल्क २० युरो.

आणि आतल्या सीमा? २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा अनेक देशांनी तपासणी परत बसवली. २०२०च्या मार्चमध्ये कोविडमुळे जर्मनीने लक्झेंबर्गच्या सीमेवर, म्हणजे थेट शेंगेनच्या समोरच्या काठावर, पोलीस उभे केले. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी लावली. तेव्हा पॅरिसहून फ्रँकफर्टला रेल्वेने जाताना पासपोर्ट मोठ्या बॅगेत तळाशी टाकू नका, तो हाताशी ठेवा.